वरचं तळं

विजयमाला माझी शेजारीण. विजापूर रोडला आमची घरं एका भिंतीला लागून आहेत, आणि ती भिंत बांधणाऱ्यानं अर्धं सिमेंट खाल्लेलं असल्यामुळे पलीकडं कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं. तिच्यावर लिहावं असं तिनं काही मोठं केलेलं नाही. स्वयंपाक केला, एक मुलगा वाढवला, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हगणं-मुतणं काढलं. एवढं या रांगेतल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी करतंच. मी लिहिते आहे ते तिनं आखलेल्या एका दिवसाच्या चालण्याबद्दल. हिमाचलात, मनालीच्या पुढं गाडीरस्ता संपतो तिथून सकाळी निघायचं, डोंगरातली बर्फाच्या पाण्याची दोन तळी बघायची, दिवस मावळायच्या आत खाली यायचं. बस्स. त्यासाठी तिनं वर्ष घालवलं.

सुरुवात झाली ती तिच्या सुनेनं, पायलनं, पुण्याहून पाठवलेल्या एका व्हिडिओनं. पायल सासूला दिवसाला दहा व्हिडिओ पाठवायची, म्हणजे बोलायला नको. त्यातल्या एकात निळं तळं होतं आणि पाणी असं की तळाचे दगड एकेक वेगळे दिसावेत. विजयमाला फोन घेऊन आली.

"बाई, हे खरं हाय का कॉम्प्युटरवर केल्यालं?"

"खरं असेल."

"असेल काय? तुमी कॉलेजात भूगोल शिकवलाय की."

शिकवलाय. हिमनदी मी आयुष्यभर फळ्यावर खडूनं काढली, डोळ्यांनी कधी बघितली नाही. तरी सांगितलं. बर्फ डोंगर खरवडत हळूहळू खाली सरकतो, मागं खोल वाडग्यासारखा खड्डा राहतो, त्यात पाणी साठतं.

"तळ सगळ्यात दिसतो?"

"नाही. जिथं वर अजून बर्फ दगड दळतोय, तिथलं पाणी दुधाळ असतं, पीठ कालवल्यासारखं. जिथलं दळण थांबलंय तिथलं स्वच्छ."

"मग दळण थांबल्यालं सांगा," ती म्हणाली.

तिला पाण्याचं एवढं काय, हे सांगायला हवं. तिचं माहेर करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण उजनीच्या पाण्याखाली. धरण भरलं तेव्हा ती शाळेत होती. नवं गावठाण वर माळावर वसलं, लग्न तिथूनच झालं. माहेरी गेली की ती मासे धरणाऱ्यांच्या होडीतून जुन्या गावावर जायची आणि वाकून खाली बघायची. दिसायचं काय, तर हिरवा रस्सा. वर होड्यांच्या डिझेलचा तवंग. कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत असं पाणी. सोलापूरच्या नळाला येतं ते त्याच धरणातलं. पाणी यायचा दिवस असला की ही हंडे लावता लावता मला भिंतीवरून सांगायची, "बाई, आलं बगा माझं माहेर. उकळून प्या."

तर तिला एकदा असं पाणी बघायचं होतं ज्याच्या खाली काय आहे ते दिसतं. खाली काय का असेना. दुसरी तिची काही मागणी कधी मी ऐकली नाही, आणि भिंत तर सांगितलीच कशी आहे ती.

मधे होत्या गोजाबाई. तिच्या सासूबाई. नव्वदीच्या आसपासच्या, खाटेवर, पण जीभ ठणठणीत. त्यांची एक कला होती: मरणं. विजयमाला कुठं जायला निघाली की गोजाबाई मरायला लागायच्या. डोळे वर, घशात घरघर, हात थंड. मग त्यांना खाटेवरून खाली जमिनीवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान, गंगाजल, आणि जेऊरकडची सगळी भावकी जीप करून तोंड बघायला हजर. विजयमालाच्या भावाच्या लग्नात एकदा मेल्या. तिच्या आईच्या आजारपणात एकदा. तिच्या मुलाला, अभिमन्यूला, पहिलं मूल होणार होतं आणि ही बाळंतपणाला पुण्याला निघाली, तेव्हा तर भावकीतल्या बायकांनी रडायलाही सुरुवात केली होती. दरवेळी ही थांबली, की दुसऱ्या दिवशी गोजाबाई उठून बसून थालीपीठ मागायच्या. काशीहून आणलेला गडू पहिल्या खेपेलाच संपला. नंतर विजयमाला नळाचंच पाणी घालायची.

"चव सारखीच लागती त्यांना," ती म्हणायची.

आणि गोजाबाई काही कृतज्ञ वगैरे नव्हत्या. येईल त्याला ऐकवायच्या, "ह्या विजीच्या हातचं शेवटाला पाणीबी नगं मला. माज्या हिंदुरावच्याच हातनं जाणार मी."

हिंदुराव म्हणजे विजयमालाचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तळ्याचं नाव काढल्यावर ते पोट हलवून हसले. "पाणी बघायला हिमालयात? अगं, उभी नोकरी मी पाणीच बघितलं." पण अभिमन्यूनं फोनवर, "चला की सगळेच, मी बुकिंग करतो," असं म्हटलं तशी त्यांना चढायची उभारी आली. संध्याकाळी कट्ट्यावर ते "मी हिमालय करतोय" असं सांगायला लागले. जागचे मात्र हलले नाहीत. चालली ती विजयमाला.

सोलापुरात चढ नाही. तव्यावर राहणाऱ्यानं डोंगराची तयारी कशी करायची? तिनं शोधलं. रोज पहाटे कंबर तलावाभोवती चालायची, नऊवारी नाही म्हणून बरं, गोल साडी जरा वर खोचून, आणि खाली चांगले जाडजूड डोंगरावर चालायचे बूट. बाकावर योगासनांच्या नावाखाली बसणारे म्हातारे होते. त्यातला एक म्हणाला, "काकू, ऑलिम्पिकला का?"

"न्हाय, तुमच्या तेराव्याला. जेवण संपायच्या आत पोचाय नगं?"

पुन्हा कुणी विचारलं नाही. उन्हं कलली की ती स्टेडियमच्या पायऱ्या चढायची, पाठीवरच्या पिशवीत ज्वारी भरून. महिन्यामहिन्यानं ज्वारी वाढवत गेली. बूट आधी तिचे पाय खात होते. टाचा सोलल्या, करंगळीचं नख काळं पडून गेलं. मग हळूहळू बूट नमले. "आता माझे झाले," ती म्हणाली.

आखणी सगळी तिचीच. मनालीच्या वाटाड्याशी ती फोनवर आपल्या सोलापुरी हिंदीत बोलायची. "भैया, नीचेवाला तळा नको. ऊपरवाला होना." त्या बिचाऱ्याला काय कळायचं ते कळायचं. पण तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. गाडी हॉटेलातून कधी सुटते, खालचं तळं दुधाळ आहे आणि वरचं स्वच्छ, मधला चढ कुठं दमवतो. शेवटची रेंज रस्ता संपतो तिथल्या चहाच्या टपरीपर्यंत, पुढं परत खाली येईपर्यंत फोन मेलेला. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ. मला म्हणायची, "बाई, मी हितं भाकरी थापता थापता तितं जाऊन येते. आता टपरी, आता ओढा, आता खालचं तळं." मला या असल्या बोलण्याचा कंटाळा येतो, पण तिचं पाठांतर चोख होतं.

गोजाबाईंजवळ राहायला अक्कलकोटची नागम्मा ठरवली होती. रुग्णांचं करण्यात तिचे हात मुरलेले. निघायच्या दोन दिवस आधी ती कामाला आली, पेज भरवायला बसली. "ऊटा माडरी, अज्जी," जेवा म्हणून कानडीत म्हणाली. गोजाबाईंनी पेज तिच्या पदरावर थुंकली. संध्याकाळपर्यंत अन्न सोडलं, दुसऱ्या दिवशी घरघर सुरू. नागम्मानं त्यांचा हात हातात घेतला, डोळ्यांत बघितलं, आणि विजयमालाला बाजूला घेऊन सांगितलं, "काही नाही झालं. नाटक आहे. पण मी नाही राहणार. अशी माणसं खरंच मरतात एखाद्या दिवशी, मग नाव आपलं." गेली.

त्याच दिवशी पुण्याहून अभिमन्यू आणि पायल आले. सोबत पायलची आई, राजेश्वरी. नातवंड पुण्यातच ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी इथूनच निघायचं होतं. मी त्या बैठकीला होते. मला बोलावलं नव्हतं, मी गेले होते.

गोजाबाई आतल्या खोलीत जमिनीवर घरघरत होत्या. बाहेर चहा.

"आईचं नेहमीचंच हाय," हिंदुराव म्हणाले. "पण कुणीतरी थांबाय पायजे."

"मग तुमी थांबा की," विजयमाला म्हणाली. साध्या आवाजात, मीठ मागावं तसं.

"मी? आईचं धुणंपुसणं मी करू? बाईमाणसाचं काम हाय ते."

"आई, प्लीज असं नका बघू," पायल म्हणाली. "पुढच्या वर्षी आपण दोघीच जाऊ, प्रॉमिस. आता चार जणांचं बुकिंग आहे, एक जण कमी झाला तर गाडी, रूम, सगळंच विस्कटतं. म्हणून तुमच्या जागी मम्मीचं नाव टाकलंय."

"कदी टाकलं?"

अभिमन्यू फोनमध्ये बघत म्हणाला, "अगं, आजीची तब्येत बघूनच टाकलं ना. मागच्या आठवड्यात."

मागच्या आठवड्यात गोजाबाई पुरणपोळी खात होत्या. तूप कमी पडलं म्हणून त्यांनी घातलेला धिंगाणा मी भिंतीतून ऐकला होता. मी तसं बोलले. हिंदुराव माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, चहा घ्या, गार होईल." मग मला कळलं की राजेश्वरीची बॅग एवढी फुगलेली का आहे. वरच्या कप्प्यातून लोकरीची टोपी डोकावत होती, जूनच्या सोलापुरात.

राजेश्वरी बाई गोड बोलण्यातल्या. पुढं सरकून म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा नंबर काय हो?"

"कसला?"

"पायाचा. पायल म्हणते नवे बूट फार चावतात. तुमचे वापरून मऊ झालेत ना?"

विजयमाला उठली. मला वाटलं, आता बूट येतात आणि कुणाच्या तरी तोंडावर बसतात. बूट आले, पण हातात. तिनं ते राजेश्वरीपुढं ठेवले, नाड्या नीट आत खोचून. आत घालायचे जाड मोजेही दिले. रात्रीसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं बांधलेलं होतंच. निघताना गाडीच्या खिडकीशी जाऊन एवढंच म्हणाली, "वरच्या तळ्याला जावा. खालच्यात कायबी दिसत न्हाय."

गाडी वळली आणि घरातून हाक आली, "विजे, थालीपीठ कर गं."

पुढचे दिवस भिंतीपलीकडं नेहमीचे आवाज. भांडी, शिव्या, पुन्हा भांडी. मग तो चालायचा दिवस उजाडला. मी सकाळचा चहा टाकत होते. विजयमाला मागच्या दारानं आली, ओट्याशी उभी राहिली.

"बाई, आत्याबाई गेल्या."

"म्हणजे नेहमीसारख्या?"

"न्हाय. चहा द्याय गेले तर गार. जिवणी उघडी. मी आरसा धरला नाकाफुडं."

मी तिला बसवलं. मग साहजिकच विचारलं, "हिंदुरावांना फोन केलास?"

तिनं घड्याळाकडं बघितलं. माझ्या घड्याळाकडं, आणि अगदी नीट.

"आता हॉटेलात असतील. आता फोन लागंल," ती म्हणाली. "थोड्या येळानं करते. चहा हाय का?"

मी चहा ओतला. तिनं तो सावकाश, बशीत ओतून प्यायला. काही रडणं नाही, काही नाही. मधूनच पुटपुटली, "गाडीत बसले." नंतर, "घाट लागला." मला आता ते पाठांतर समजत होतं. हात धरावा, फोन तिच्या कानाला लावावा, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मी तिला आणखी अर्धा कप दिला. "टपरी गेली," असं म्हणून तिनं कप विसळून पालथा घातला आणि फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. एकेकाला लावला, चौघांनाही, माझ्यासमोर. मग घरी जाऊन तिनं तोंडावर पदर घेतला आणि असा टाहो फोडला की अख्खी रांग बाहेर आली.

भावकी जेऊरहून यायला ऊन चढलं. पुढारी मानसिंग, हिंदुरावांचे चुलतभाऊ. उंबऱ्यातूनच म्हणाले, "खरं हाय का गं वैनी ह्या खेपेला? गडीमाणसं रानातनं उठवून आणल्यात."

"बगा की हात लावून."

त्यांनी लावला. मग फोन लावून बघितले, चौघांचे. लागले नाहीत. सगळ्यांच्या देखत लागले नाहीत, हे महत्त्वाचं.

"मग शीतपेटी मागवू," मानसिंग म्हणाले. "हिंदुराव येईपर्यंत ऱ्हाईल. ल्योक हाय एकुलता एक."

"नगं, भावजी. आत्याबाईस्नी गारठा सोसत न्हवता. पंख्याखालीबी झोपत न्हवत्या."

"अगं, पण अग्नी?"

"मी देते."

एक म्हातारी पुढं सरकली. "ती तर म्हणायची, विजीच्या हातचं पाणीबी नगं."

"म्हणायच्या की. लई येळा म्हटल्या," विजयमाला म्हणाली. "आज म्हणू द्या."

म्हातारी मागं झाली. मानसिंगनी एकदा उन्हाकडं बघितलं, एकदा जीपकडं. खोट्या मरणाला तीनदा येऊन गेलेला माणूस खऱ्या मरणाला दोन दिवस मुक्काम करत नाही. "उरका मग," म्हणाले. मडकं खांद्यावर घेऊन ती सरणाभोवती फिरली. पाय कुठंही अडखळला नाही. वर्षभराचा सराव होता.

संध्याकाळी सगळे सतरंजीवर बसले होते. लिंबाचा पाला चावून झालेला, शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आलेली. भावकीचा व्हॉट्सअॅपवर गट आहे, त्यात सकाळीच मानसिंगनी गोजाबाईंचा हार घातलेला फोटो टाकला होता आणि खाली दिवसभर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेखाली अचानक फोन वाजायला लागले. एक, मग खोलीतले सगळे.

पहाडावर हिंदुरावांनी जे जे काढून गटावर पाठवलं होतं, ते रेंज येताच एकदम सुटलं. आधी हिंदुराव गॉगल लावून दोन्ही हात पसरून उभे. मग पायल आणि अभिमन्यू, गालाला गाल. मग राजेश्वरी हिंदुरावांना बर्फाचा गोळा मारताहेत. मग हिंदुराव बर्फात कंबर हलवून नाचताहेत, असा व्हिडिओ, आवाजासकट. शेवटी हातात कडक भाकरी धरलेला फोटो आणि खाली लिहिलेलं: "स्वर्गातून सर्वांना नमस्कार."

वर गोजाबाईंचा हार. खाली हे.

मग मानसिंगनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, कुणाला दिसलं नसेल म्हणून. मागून कुणीतरी म्हणालं, "आयबी तितंच, ल्योकबी तितंच." आणि सुतकाच्या सतरंजीवर दोघी-तिघी बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. रडल्यासारखं करत, पण हसत.

विजयमालानं माझा फोन मागून घेतला. गॉगलवाला फोटो दोन बोटांनी मोठा केला, हिंदुरावांना बाजूला सारलं, मागच्या पाण्यावर आली.

"हे खालचं तळं हाय," ती म्हणाली. "वरच्याला गेलीच न्हाईत."

आणि फोन परत दिला.

ते आले दोन दिवसांनी. दारात पाऊल पडायच्या आधी हिंदुरावांचा आवाज आला.

"फोन का न्हाय केला?"

"केला की. ह्यांच्या म्होरं केला," विजयमालानं माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली.

"आई कदी गेली?"

"पहाटंला."

"पहाटं आमी हॉटेलात होतो. चांगली रेंज होती."

"व्हय? मला वाटलं निघाला असाल." मग म्हणाली, "तुमाला तळं बघायचं हुतं. म्हटलं, बघून या. आईचं नेहमीचंच हाय."

त्यांचा हात उठला. मी मध्ये गेले नाही. मानसिंग मागं उभे होते. ते म्हणाले, "खाली घे, स्वर्गवाले." हात खाली आला. ते नाव मात्र वर राहिलं. जेऊरात आज पोरंसुद्धा त्यांना स्वर्गवाले म्हणतात. तेराव्याला डोकं भादरून पंगतीत बसले तर वाढपी विचारत होता, "स्वर्गवाल्यांना भात वाढू का?"

राजेश्वरी लंगडत होत्या. दोन्ही टाचांना पट्ट्या. प्लास्टिकच्या पिशवीतून बूट काढून त्यांनी विजयमालापुढं टाकले. "घ्या बाई तुमचे. सोलून काढलं मला. पहिल्याच तळ्यावर बसले, म्हणून सगळ्यांनाच परतायला लागलं."

"माझ्या पायाला मऊ झालेत ते," विजयमाला म्हणाली. "तुमच्या न्हवं."

बूट चिखलानं भरले होते. तो चिखल तिनं धुतला नाही, वाळवून झाडून टाकला.

तुम्हाला वाटेल, जिंकली. थांबा. अस्थी सोडायच्या होत्या भीमेत. काठावर जाऊन गर्दीत कशाला, म्हणून मानसिंगनी उजनीवर आपल्या ओळखीची होडी सांगितली. तीही गेली. होडी मध्यावर नेऊन नावाड्यानं मोटार बंद केली, इथं पाणी खोल आहे म्हणाला. हिंदुरावांनी मडकं उलटं केलं. विजयमालानं काठावरची झाडं बघितली, टेकडी बघितली, पाण्याची टाकी बघितली. लहानपणापासून त्याच खुणांवर ती जागा ओळखायची. तिच्या माहेरावर. नेमकी वेशीवर असेल नाहीतर वाड्यावर, तेवढाच फरक. जिवंतपणी गोजाबाईंनी तिला तिथं पुरते दोन दिवस कधी राहू दिलं नव्हतं. आता स्वतः कायमच्या मुक्कामाला गेल्या.

मला हे तिनं भिंतीवरून सांगितलं, पुढच्या खेपेला नळाला पाणी आलं तेव्हा. हंडा लावला, धार बघितली आणि म्हणाली, "आल्या बगा बाई, आत्याबाई. दुप्पट उकळा."

त्यानंतर हिंदुराव घरात बसले. कट्ट्यावर जाणं बंद, कारण तिथंही ते नाव पोचलं होतं. बसले ते झोपले, आणि झोपले ते आईच्याच खाटेवर. छातीत कळ येते म्हणाले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. पण विजयमाला बूट घालायला लागली की कळ यायची. ती दारापर्यंत पोचली की घरघर. मी भिंतीपलीकडून ऐकलंय, तंतोतंत तीच घरघर, आईची. तीच मधली कापरी ओढ. असल्या गोष्टी रक्तातून येतात की ऐकून ऐकून, मला माहीत नाही. मी भूगोलवाली.

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा विजयमाला उंबऱ्यात थांबली. मी माझ्या दारातून बघत होते. तिनं वळून आत बघितलं, बराच वेळ. मग खाली बसून नाड्या आवळल्या.

"अगं, मरतोय मी," आतून आवाज आला.

"नेहमीचंच हाय," ती म्हणाली आणि कंबर तलावाकडं चालायला लागली. पायलच्या प्रॉमिसचं तिनं नाव काढलं नाही, पायलनंही नाही. पुन्हा पिशवीत ज्वारी, पुन्हा पायऱ्या. या वेळी पुण्याहून निघणाऱ्या बायकांच्या एका गटात तिनं स्वतः जाऊन नाव घातलं. वाटाडा तोच. "भैया, ऊपरवाला," त्याला तिनं पुन्हा बजावलं. तो म्हणाला, "माताजी, मालूम है."

निघताना घराची किल्ली माझ्याकडं दिली. डबा येतो, औषध उशाशी आहे, म्हणाली. "मधनं मधनं बगा. न्हाय बघितलं तरी चालंल."

आज तिचा चालायचा दिवस. चहाच्या टपरीवरून तिनं मला फोन केला, एवढंच म्हणाली, "बाई, आता रेंज जाणार." तिकडं आता ओढा झाला असेल. खालचं दुधाळ तळं तिनं मान वर न करता ओलांडलं असेल, कारण तिला त्यात रस नाही. आता शेवटचा चढ. मलाही सगळं पाठ झालंय.

हिंदुराव सकाळपासून घरघरताहेत. मी लिहायला बसले तेव्हा जोरात होतं, विजयमालाच्या नावानं हाकाही मारत होते. आता थोडं कमी आलंय. मघापासून तर भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही.

नेहमीचंच असेल. चहा झाला की बघते.